यापैकी चांगले कोणते?

संपादक मंडळाने यंदाही माझ्याकडे लसीकरणाविषयीच लेख मागितला होता. या स्मरणिकेच्या वाचकांना माझे लसीकरणाचे वेळापत्रक आता तोंडपाठ झाले असेल, म्हणून अनुमती मागून मी विषय बदलला आहे. बालरोगतज्ज्ञाने प्रौढांच्या पाठीत बसवायच्या विद्युत्‌यंत्रांविषयी लिहावे, हे पुष्कळांना अनधिकार वाटेल. मंडळातील न्यूरोसर्जन, अस्थिरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ मित्रांची मी आधीच क्षमा मागतो. त्यांनी पुढील अंकात माझे म्हणणे खोडून काढावे, अशी विनंतीही करून ठेवतो.

कारण घरगुती आहे. माझे ज्येष्ठ बंधू, ज्यांना आम्ही सारे दादा म्हणतो, शासकीय विद्यालयात गणित शिकवून निवृत्त झाले. त्यांच्या कंबरेच्या मणक्यांवर २०१४ साली एक आणि २०१८ साली दुसरी शस्त्रक्रिया झाली. एमआरआयच्या चित्रात दोन्ही यशस्वी दिसत होत्या. दादांची मात्र डाव्या मांडीच्या मागून घोट्यापर्यंत उतरणारी जळजळ तशीच राहिली. प्रेगाबालिन झाले, ड्युलोक्सेटिन झाले, नर्व्ह ब्लॉक झाले, व्यायाम झाला, वहिनींच्या आग्रहाखातर तेलही झाले. वैद्यकात या अवस्थेला ‘फेल्ड बॅक सर्जरी सिंड्रोम’ असे काहीसे निर्दय नाव होते. अलीकडे ‘पर्सिस्टंट स्पायनल पेन सिंड्रोम’ म्हणू लागले आहेत. नाव सौम्य झाले, पाय होता तसाच राहिला.

२०२२ च्या दिवाळीत फराळाला गेलो, तेव्हा चकलीच्या ताटलीशेजारी तीन गुळगुळीत, रंगीत माहितीपत्रके मांडून ठेवलेली होती. तीन कंपन्या, तीन स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेटर. दादा म्हणाले, “बाळ, तू डॉक्टर आहेस. यापैकी चांगले कोणते, तेवढे सांग.” (पन्नाशी उलटलेल्या बालरोगतज्ज्ञाला घरात अजून ‘बाळ’च म्हणतात, यावर माझे सहकारी काय म्हणतात ते येथे लिहीत नाही.) मला उत्तर देता आले नाही. “वाचून सांगतो,” म्हणालो. जे वाचले आणि पुढे जे घडले, ते आपल्यापुढे ठेवावे असे वाटते. कारण हा प्रश्न आता आपल्या शहरातील इतर घरांतही विचारला जाऊ लागला आहे.

या यंत्रामागची कल्पना जुनी आहे. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली ‘गेट कंट्रोल’ सिद्धांत मांडला. जाड मज्जातंतूंतून येणारी स्पर्शाची संवेदना मज्जारज्जूत वेदनेची वाट अडवते, असे त्याचे सार. लागलेल्या गुडघ्यावर आई फुंकर घालून हात फिरवते, तेव्हा ती हेच करीत असते. १९६७ साली अमेरिकेत नॉर्मन शीली यांनी कर्करोगाच्या वेदनेने त्रस्त असलेल्या एका रुग्णाच्या मज्जारज्जूवर इलेक्ट्रोड ठेवून हा सिद्धांत प्रत्यक्ष वापरून पाहिला. आजचे यंत्र त्याचाच वारसदार आहे. मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरील पोकळीत एक किंवा दोन बारीक तारा सरकवतात. कंबर आणि पाय यांच्या वेदनेसाठी त्यांची टोके बहुधा छातीच्या खालच्या मणक्यांच्या पातळीवर ठेवतात. तारा त्वचेखालून नेऊन नितंबाच्या वर किंवा कुशीत बसवलेल्या पेसमेकरसारख्या बॅटरीला जोडतात. काही वेळा तारेऐवजी चपटी पट्टी बसवतात. ती सहसा जागची हलत नाही, परंतु तिच्यासाठी कण्याचा थोडा भाग कापावा लागतो.

यंत्रांची आता घराणी झाली आहेत. जुने घराणे सेकंदाला साधारण चाळीस ते साठ स्पंदनांचे. त्यात दुखऱ्या जागी सतत झिणझिण्या जाणवतात आणि वेदना त्यांच्याखाली झाकली जाते. दुसरे घराणे सेकंदाला दहा हजार स्पंदनांचे. यात झिणझिण्या नाहीत, परंतु बॅटरीची भूक मोठी, त्यामुळे जवळजवळ रोज चार्जिंग. तिसरे ‘बर्स्ट’, म्हणजे स्पंदनांचे छोटे छोटे झुबके. चौथे ‘क्लोज्ड लूप’. मनुष्य खोकला, हसला किंवा नुसता वाकला, तरी मज्जारज्जू आणि तार यांतील अंतर बदलते आणि त्यामुळे झटका बसतो किंवा परिणाम निसटतो. हे यंत्र प्रत्येक स्पंदनाला मज्जारज्जूने दिलेला विद्युत्‌प्रतिसाद मोजते आणि पुढचे स्पंदन त्यानुसार लहानमोठे करते. बुद्धीला पटणारी योजना आहे, हे मान्य केले पाहिजे. याखेरीज डॉर्सल रूट गँगलियनवर ठेवायचे एक वेगळे यंत्र आहे. पाऊल किंवा जांघ अशा मर्यादित भागातील सीआरपीएसच्या वेदनेसाठी ते जुन्या पद्धतीपेक्षा सरस ठरल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले.

आता आकडे. जुन्या घराण्याची ‘प्रोसेस’ नावाची चाचणी २००७ साली प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांनी पायाची वेदना निम्म्याने कमी झालेले रुग्ण यंत्राच्या गटात ४८ टक्के, केवळ औषधोपचाराच्या गटात ९ टक्के. २०१५ च्या ‘सेन्झा’ चाचणीत दहा हजार स्पंदनांचे यंत्र जुन्या यंत्राशी भिडले: कंबरेच्या वेदनेत तीन महिन्यांनी ८४.५ टक्के विरुद्ध ४३.८ टक्के. २०२० च्या ‘इव्होक’ चाचणीत क्लोज्ड लूप विरुद्ध तेच यंत्र प्रतिसाद न मोजता चालवलेले: कंबर आणि पाय मिळून तीन महिन्यांनी ८२.३ टक्के विरुद्ध ६०.३ टक्के.

हे तक्ते मी दादांना नेऊन दाखवले. त्यांनी चष्मा पुसला, पाच मिनिटे पाहिले आणि म्हणाले, “यांची वजाबाकी होत नाही. छेद वेगळे आहेत.” एकाने पाय मोजला, दुसऱ्याने कंबर, तिसऱ्याने दोन्ही मिळून. जुन्या पद्धतीचे उद्दीपन एका ठिकाणी चव्वेचाळीस गुण मिळवते आणि दुसऱ्या ठिकाणी साठ. मग परीक्षा एकच कशी? माहितीपत्रकांत मात्र ८४ आणि ८२ हेच आकडे मोठ्या ठळक टाइपात होते, आणि रुग्ण ते शेजारी शेजारी ठेवून वाचणार हे छापणाऱ्यास पक्के ठाऊक होते. तिन्ही चाचण्यांचा खर्च ज्याने त्याने, म्हणजे त्या त्या यंत्राच्या निर्मात्याने उचललेला होता. यात बेकायदा काही नाही. परंतु सोनाराने आपल्याच काट्यावर आपलेच सोने तोलावे, तसे हे आहे.

त्याच महिन्यात, म्हणजे ऑक्टोबर २०२२ मध्ये, ‘जामा’मध्ये नॉर्वेतील एक चाचणी प्रसिद्ध झाली. तिला यंत्रनिर्मात्यांचा पैसा नव्हता. कंबरेच्या शस्त्रक्रियेनंतरही पाय दुखत राहिलेल्या पन्नास रुग्णांना यंत्र बसवून तीन तीन महिन्यांचे आळीपाळीचे काळ ठरवले: काही काळ बर्स्ट उद्दीपन चालू, काही काळ यंत्र गुपचूप बंद. कोणता काळ कोणता, हे रुग्णाला ठाऊक नाही. दैनंदिन अक्षमतेचा ओसवेस्ट्री निर्देशांक यंत्र चालू असताना १०.६ गुणांनी सुधारला; बंद असताना ९.३ गुणांनी. फरक १.३. टीकाकारांचे म्हणणे असे की तेथील बर्स्टची मांडणी बाजारातील यंत्राहून वेगळी होती, आणि ते म्हणणे रास्त आहे. पण मला त्या १.३ पेक्षा ९.३ या आकड्याने अधिक विचारात पाडले. बंद यंत्रानेही माणूस एवढा सुधारतो. जुने यंत्र विरुद्ध नवे यंत्र अशा तुलनेत हा भाग दोन्हीकडे सारखाच लपून राहतो आणि दोन्ही यंत्रांच्या खात्यावर जमा होतो.

नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतील विमा नोंदींचा एक अभ्यास आला. यंत्र बसवलेल्या १,२६० रुग्णांपैकी सुमारे २२ टक्क्यांवर दोन वर्षांच्या आत यंत्र दुरुस्त करण्याची किंवा काढण्याची वेळ आली होती. अफूजन्य औषधांचे सेवन इतरांच्या तुलनेत कमी झालेले नव्हते. मार्च २०२३ मध्ये कंबरदुखीपुरता कॉक्रेनचा आढावा आला. १३ चाचण्या, ६९९ रुग्ण. खर्च आणि शस्त्रक्रियेचा धोका यांना पुरून उरेल असा टिकाऊ लाभ पुराव्यात दिसत नाही, असा त्याचा निष्कर्ष. खोट्या उद्दीपनाशी तुलना करून रुग्णांना वर्षभर तपासलेली एकही चाचणी त्या आढाव्याला सापडली नाही. दुसऱ्या बाजूस, ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेने २००८ पासून मज्जातंतूजन्य वेदनेसाठी, सहा महिने सर्व उपाय करूनही वेदना निम्म्या मापावर राहिली असेल आणि तात्पुरत्या चाचणीत गुण आला असेल तर, हा उपचार मान्य केला आहे. तेव्हा यंत्र हे थोतांड आहे, असे म्हणण्याचा उतावळेपणा मी करणार नाही. वेदनेचा प्रकार कोणता, यावर पुष्कळ अवलंबून आहे, आणि नुसती दुखणारी कंबर व जळणारा पाय यांत मोठे अंतर आहे.

येथे बालरोगतज्ज्ञ म्हणून मला थोडे बोलण्याचा अधिकार आहे असे वाटते.

आमचा रुग्ण ‘दहापैकी किती दुखते’ हे सांगत नाही. १९८० च्या दशकापर्यंत जगातील उत्तमोत्तम केंद्रांत नवजात अर्भकांच्या शस्त्रक्रिया अत्यल्प भुलीखाली, स्नायू शिथिल करून होत असत, कारण त्यांना वेदना नीटशी कळत नाहीत अशी समजूत होती. ती समजूत खोडून काढण्यात ज्यांचा वाटा सर्वांत मोठा, ते डॉ. कंवलजीत आनंद आपल्या इंदूरच्याच महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी. पुढे ते ऱ्होड्स स्कॉलर म्हणून ऑक्सफर्डला गेले. १९८७ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत अपुऱ्या दिवसांच्या बालकांना हृदयाजवळील शस्त्रक्रियेच्या वेळी फेंटानिल दिले, तेव्हा शरीराचा तणाव-प्रतिसाद पुष्कळ कमी झाला आणि शस्त्रक्रियेनंतरचे उपद्रवही घटले. न बोलणाऱ्या रुग्णाची वेदना त्यांनी त्याच्या रक्तातील संप्रेरकांतून वाचली. वेदनेच्या व्याख्येसोबत २०२० साली आंतरराष्ट्रीय संघटनेने जोडलेल्या टिपांत, बोलता येत नाही म्हणून वेदना नाही असे होत नाही, हे स्पष्ट नमूद केले आहे.

त्यामुळे आम्ही चेहरा पाहतो, पाय पाहतो, हालचाल पाहतो, रडणे पाहतो, कुशीत घेतल्यावर शांत होते का ते पाहतो. आईला विचारतो: दूध प्यायले का? झोपले का? खेळले का? वेदनेच्या यंत्रांची तुलना मात्र जवळजवळ सगळीच रुग्णाने सांगितलेल्या एका आकड्यावर उभी आहे. त्या आकड्याला मी खोटा म्हणत नाही. परंतु लाखो रुपये खर्चून, दोन वेळा ऑपरेशन टेबलावर पडून आलेला मनुष्य पहिल्या तीन महिन्यांत तो आकडा सांगताना स्वतःचीही समजूत घालीत असतो, हे आपण सर्वांनी दवाखान्यात पाहिले आहे.

आमच्या घरी तेच झाले, आणि त्यात माझाही वाटा आहे. जानेवारी २०२३ मध्ये दुसऱ्या एका शहरात दादांच्या पाठीत पाच दिवसांसाठी तात्पुरत्या तारा घातल्या. आठवर असलेली वेदना तिसऱ्या दिवशी तीनवर आली. कंपनीचा प्रतिनिधी दिवसातून दोनदा येऊन आकडा विचारीत होता. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आले, आणि इतके वाचून बसलेला मी, “दादा, घ्या करून,” असे म्हणालो. ते पाच दिवस दादा खोलीतच होते. जिना चढले नव्हते, भाजी आणली नव्हती, रात्री पायाची जळजळ उठवते का हे पाहण्याइतक्या रात्रीही झाल्या नव्हत्या. एखाद्या बालकाच्या बाबतीत मी इतक्यावर निर्णय दिला नसता. ब्रिटनमधील २०२० च्या एका चाचणीने तर असेही दाखवले आहे की तात्पुरती चाचणी करून यंत्र बसवलेले आणि चाचणी न करता थेट बसवलेले रुग्ण सहा महिन्यांनी सारखेच असतात. म्हणजे ज्या पाच दिवसांवर आम्ही भिस्त ठेवली, ते चाळणीचे काम पुरेसे करीतच नाहीत.

यंत्र बसले. दादांच्या सेवानिवृत्तीच्या रकमेचा जवळजवळ निम्मा भाग गेला. पायाची जळजळ निश्चित कमी झाली. कंबर होती तशीच राहिली. चौदाव्या महिन्यात एक तार सरकली आणि झिणझिण्या पायाऐवजी बरगडीत येऊ लागल्या. प्रोग्रॅमिंग करणारा प्रतिनिधी तोवर नोकरी सोडून गेला होता, नवा महिन्यातून एकदा आपल्या शहरात येतो, आणि तार पुन्हा बसवायला त्याच दूरच्या रुग्णालयात जावे लागले. माहितीपत्रकांच्या तुलनातक्त्यांत वारंवारिता होती, बॅटरीचे आयुष्य होते, एमआरआय चालतो की नाही हे होते. बिघडल्यावर इंदुरात कोण पाहील, हा रकानाच नव्हता. आज कोणी मला ‘यापैकी चांगले कोणते’ असे विचारले, तर मी प्रथम तोच रकाना भरून आणायला सांगतो. ज्याचा तंत्रज्ञ दोन दिवसांत येथे पोहोचतो, ते यंत्र दोन टक्क्यांनी ‘कमी’ असले तरी आपल्यासाठी चांगले.

मंडळापुढे मी दोन सूचना ठेवतो. पहिली: अशा यंत्राचा सल्ला मिळालेल्या आपल्या समाजातील कोणत्याही रुग्णाला, शस्त्रक्रियेशी आर्थिक संबंध नसलेल्या तीन डॉक्टरांचे विनामूल्य दुसरे मत मंडळाने उपलब्ध करून द्यावे. त्यांत एक फिजिओथेरपी जाणणारा आणि एक मन जाणणारा असावा. झोप, चालणे, जिना आणि घरकाम यांची नोंद चाचणीपूर्वी दोन आठवडे आणि चाचणीच्या काळात घरच्यांनी ठेवावी. आकडा रुग्णाचा, नोंद घरच्यांची. दुसरी: यंत्रांचे उपद्रव नोंदवण्यासाठी २०१५ पासून आपल्या देशात मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम आहे. दादांची तार सरकल्यावर मी त्याचा अर्ज भरला. सदतीस वर्षांपूर्वी या व्यवसायाच्या वाटेला लागल्यापासूनचा माझा तो पहिला. आपल्यापैकी किती जणांनी भरला आहे? अमेरिकेच्या एफडीएकडे जुलै २०१६ ते जुलै २०२० या चार वर्षांत या यंत्रांविषयी एक लाखाहून अधिक अहवाल आले. तेथील यंत्रे आपल्यापेक्षा वाईट नाहीत, तेथील कंपन्या लिहून कळवतात, कारण त्यांना कळवावे लागते.

हे आताच करायला हवे, कारण पुढची लाट मधुमेहाची असणार. २०२१ साली अमेरिकेत मधुमेहजन्य मज्जातंतूवेदनेसाठी दहा हजार स्पंदनांच्या यंत्राला मान्यता मिळाली. त्यामागील चाचणीत वेदना निम्म्याने घटलेले रुग्ण यंत्राच्या गटात ७९ टक्के आणि औषधांच्या गटात ५ टक्के होते. आकडे डोळे दिपवणारे आहेत, पण त्या चाचणीतही कोणाला यंत्र बसवले आहे हे सर्वांना दिसत होते. आपल्या समाजात तळपाय जळणारे मधुमेही किती आहेत, ते आपण जाणता. आणि मधुमेह्याच्या पाठीत कायमचा परका पदार्थ म्हणजे जंतुसंसर्गाला आमंत्रण, हेही जाणता. अमेरिकेत ही यंत्रे अफूजन्य गोळ्यांच्या अतिरेकावरचा उतारा म्हणून खपली. आपल्याकडे उलटे आहे. मंदसौर-नीमचच्या शेतांत अफू पिकते, नीमचला सरकारी अल्कलॉइड कारखाना आहे, २०१४ साली कायदाही सैल झाला. तरीही मालव्यातील कर्करोगाच्या रुग्णाला मॉर्फिनच्या गोळीसाठी वणवण करावी लागते. ज्या गावात ही गोळी मिळत नाही, तेथे पाठीतले महागडे यंत्र आधी पोहोचते. यावर स्वतंत्र लेख कोणी तरी लिहावा.

दादांना पश्चात्ताप आहे का, असे मला विचारतात. त्याचे उत्तर माझ्या युक्तिवादाला सोयीचे नाही. गेल्या महिन्यात मी त्यांना सरळ विचारले, “दादा, पुन्हा वेळ आली तर कराल?” ते म्हणाले, “करीन. पाय आठवरून पाचवर आला आहे, तीनवर नाही. पाचवर मला वर्तमानपत्र पुरते वाचता येते.” नेदरलँड्समध्ये सीआरपीएसच्या रुग्णांवर झालेल्या चाचणीत यंत्राचा वेदनेवरील फायदा पाच वर्षांनी उरला नव्हता, तरीही यंत्र असलेल्यांपैकी ९५ टक्के जणांनी, एवढ्याच गुणासाठी पुन्हा करू, असे सांगितले होते. ही भाबडी समजूत म्हणावी, की आपल्या मोजपट्टीवर न उतरलेले काही त्यांना मिळाले असे म्हणावे, ते मला ठरवता आलेले नाही.

मंडळाच्या मागील कार्यक्रमाला दादा अडीच तास खुर्चीवर बसले होते. मध्यंतरात त्यांनी खिशातून रिमोट काढून प्रोग्रॅम बदलला आणि शेजारच्या गृहस्थांना तो मोबाइल वाटला. घरी जाताना मला म्हणाले, “बाळ, तुझ्याकडे कोणी ती माहितीपत्रके घेऊन आले, तर आधी माझ्याकडे पाठव. चार्जिंगला किती वेळ लागतो, ते मी दाखवीन.”